गाडीचं तोंड

माझ्या भावाला चोट्टा म्हटलं त्या शेषरावनं. चोर नाही म्हटलं, चोट्टा म्हटलं. चोर म्हटलं तर माणूस भांडतो तरी, चोट्टा म्हटलं की अंगावर थुंकल्यासारखं होतं. आणि म्हटलं ते कोपऱ्यात नेऊन नाही. भर दुपारी, आमच्या दुकानासमोर गाडी आडवी लावून, हॉर्न दाबून धरून, अकोल्याचा अख्खा मोटर स्टँड गोळा करून म्हटलं. इतकी वर्षं झाली, तरी तो हॉर्न आठवला की आजही माझं डोकं सणकतं.

मी बेबी. सगळे बेबीताई म्हणतात. नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण होते. वर्गात शुद्ध बोलायची, पण राग आला की आमची वऱ्हाडी तोंडातून आपोआप बाहेर पडायची. माझा थोरला भाऊ भगवंत, म्हणजे दादा, मोटर मिस्त्री होता. आईवडील गेल्यावर घरात आम्ही दोघंच. स्टँडच्या समोर, कडुनिंबाखाली त्याचं टिनाचं दुकान होतं.

दादाचा स्वभाव गोड होता असं तुम्हाला कोणी सांगितलं तर तो माणूस खोटं बोलतो. दादा तिरसट होता. गिऱ्हाइकानं गाडी आणली की आधी त्याची खरडपट्टी काढायचा. "हे चाकं पाय. गाडी चालवते का नांगर?" असं तोंडावर म्हणायचा. तरी लोक यायचे, कारण दादाला कान होता. गाडी स्टँडात शिरताना तो आत चहा पीत बसलेला असायचा आणि बशीतून मान वर न करता सांगायचा की हिचा अमुक नट सैल आहे.

तो शिकला जिनिंगमध्ये. कापसाच्या हंगामात जिनिंगचं मोठं तेल-इंजिन चालायचं, त्यावर तो तेलवाला म्हणून लागला होता. तिथेच त्याला डिझेलचं वेड लागलं. तो मला जेवताना सांगायचा, "बेबे, पेट्रोलची गाडी ठिणगीवर चालते. डिझेलले ठिणगी लागत नाही. पंप डिझेल दाबते, पिचकारी ते उडवते, अन् दाबानं तापलेल्या हवेत ते भडकन पेटते. पण पिचकारीनं धुकं उडवलं पायजे. थेंब टाकला का झालं तुयं कल्याण." ज्याला बाकीचे मिस्त्री नोझल म्हणायचे त्याला हा पिचकारी म्हणायचा. मला वैताग यायचा. म्हणायची, दादा, भाकर खा आधी.

आता तो शेषराव. माळ्याचा पोरगा, दादाचा जिवाचा दोस्त. त्यानं एका वकिलाकडून लढाईच्या आधीची जुनी डॉज मोटर घेतली होती, टॅक्सी म्हणून. अकोला-बाळापूर करायचा, कधी अमरावती. संत्र्याच्या दिवसांत वरूडची खेप मिळाली तर टपावर पेटारे बांधून आणायचा. पण ती गाडी पेट्रोल प्यायची नुसती. मग चौसष्टच्या उन्हाळ्यात दादानं आणि त्यानं मिळून तिचं पेट्रोलचं इंजिन काढलं आणि एका मोडीतल्या गाडीचं डिझेल इंजिन, पंपात नवा माल घालून, आत बसवलं. निंबाच्या फांदीला साखळी बांधून ते धूड खाली सोडलं. सगळा स्टँड हसत होता. गाडी चालू झाली तेव्हा हसणारेच टाळ्या वाजवत होते. त्या उन्हाळ्यात दोघं एका ताटात जेवायचे. शेषरावची माय तानुबाई मोर्णा नदीच्या काठी भाजीचा मळा करायची आणि बाजारात विकायची. तिची वांगी आमच्याकडे फुकट यायची. हे सगळं सांगते ते अशासाठी, की नंतर जे झालं ते परक्या माणसानं केलं असतं तर मी इतकी पेटले नसते.

दिवाळीनंतर गाडी बिघडली. सकाळी चालू व्हायला कुरकुरायची, पांढरा धूर टाकायची, आणि रस्त्यावर एका पायानं लंगडल्यासारखी चालायची. शेषरावनं ती दादाकडे आणली. दादानं आधी हवा काढली. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन बंद पडतं. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप दाबत बसायचं. फेस यायचा थांबला आणि नुसती धार आली, की हवा गेली. पण हवा काढूनही लंगडणं गेलं नाही. मग दादानं इंजिन चालू ठेवून पिचकाऱ्यांच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल केले. नट सैल केल्यावर इंजिन अडखळलं तर ते सिलिंडर जिवंत. काहीच फरक पडला नाही तर ते मेलेलं. तिसरं मेलेलं निघालं. त्याची पिचकारी बाहेर काढून उडवून पाहिली तर धुकं नाही, नुसती लाळ गळत होती. आत गंज होता.

दादानं ती साफ करून बसवली. जाताना टाकीचं झाकण पुसता पुसता शेषरावला झापलंही. "पूजा कर ना, कोण नाही म्हणते? पण झाकणाच्या आट्यात हळदकुंकू काहून भरतं?"

"मायचं काम हाय ते," शेषराव म्हणाला. "मी कुठी करतो पूजा!"

गाडी गेली. काही दिवसांनी पुन्हा लंगडत आली. पुन्हा गंज. दादाचं डोकं फिरलं. डिझेल खराब असेल म्हणून त्याच पंपावरून बाटली भरून आणली, दोन दिवस फळीवर ठेवली. डिझेल चोख. आता त्याला रात्री झोप येईना. त्याच्या हातची गाडी पुन्हा येते म्हणजे त्याला स्वतःच्या थोबाडीत बसल्यासारखं व्हायचं.

तेवढ्यात शेषराव अमरावतीला भाडं घेऊन गेला आणि तिथे एका मोठ्या वर्कशॉपात त्यानं पंप उघडून घेतला. तिथल्या मिस्त्रीनं पंपाच्या पोटातला डिझेल दाबणारा पोलादी दांडा काढला. गंजलेला होता. त्याला एलिमेंट म्हणतात. तो शहाणा म्हणाला, "हा जुना माल आहे. कोणीतरी तुमचा नवा काढून हा आत टाकला." बस्स. गंज आला कुठून हे विचारायचं सोडून कोणी टाकला हे त्यानं सांगितलं. तोंड उचललं आणि बोलला, त्याचं काय जातं! तोच गंज दादानं पिचकारीत पाहिला होता, त्यानं कोणाचं नाव घेतलं नव्हतं.

आणि मग तो हॉर्न. मी शाळेतून येत होते. आधी वाटलं कोणी गाडीखाली आलं. धावत आले तर शेषराव खिडकीतून अर्धा बाहेर आलेला, एक हात हॉर्नवर, आणि ड्रायव्हर, क्लीनर, पानवाला, हमाल, सगळे गोळा झालेले.

"पाहा रे सगळ्याईनं!" तो ओरडला. "हा मिस्त्री नाही, चोट्टा हाय चोट्टा! माह्या पंपातला नवा माल काढला अन् भंगार भरून देल्लं!"

दादाच्या हातात पाना होता. मला वाटलं आता हाणतो. देवाशपथ सांगते, मला वाटलं हाणावा. पण तो पांढराफटक पडला होता. एवढंच म्हणाला, "शेषराव, पंप इथं खोल. सगळ्याईसमोर खोल."

"आता कायले खोलू? राहिलेलाई मारशीन," असं म्हणून शेषराव निघून गेला. ती लंगडी गाडी धूर सोडत गेली आणि आमच्या दारात तो शब्द तेवढा राहिला.

माणसं किती लवकर फिरतात! ज्यांच्या गाड्या दादानं रस्त्यात झोपून दुरुस्त केल्या होत्या ते बाजूच्या दुकानात जाऊ लागले. गाडी दिलीच कोणी तर शेजारी स्टूल टाकून बसायचा, हातावर नजर ठेवून. आमच्या शाळेत विमल नावाची बाई होती, शिकल्या-सवरल्या घरातली. मी शिक्षकांच्या खोलीत गेले की ती खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घ्यायची. बोलायची गोड. एक दिवस मी म्हटलं, "विमलताई, घट्ट धरा, माहा भाऊ मिस्त्री हाय, मले पर्स खोलता येते." मुख्याध्यापिकेनं मला समज दिली. मला. तिला नाही.

दादा उलटून काहीच बोलेना. मी म्हणायची, जा, स्टँडवर उभा राहा, ओरड. तो म्हणायचा, "भाषणं देऊन चोट्टेपण जात नसते, बेबे. ती गाडीच सांगन."

आणि गाडी आलीच. बाळापूरच्या रस्त्यावर ती ठार बंद पडली होती. शेषरावनं बैलजोडी लावून ती ओढत आणली आणि आमच्या दारात सोडली. बैलांमागे मोटर! अमरावतीचा शहाणा काही इतक्या लांब येणार नव्हता. शेषराव गाडीतून उतरलासुद्धा नाही नीट, बोट नाचवत म्हणाला, "माल परत टाक. मंग पुढचं पाहू."

मी म्हटलं, "दादा, लोटून दे ते धूड मोर्णेत!"

दादा म्हणाला, "गप बस. हिच्याच पोटात माही साक्ष हाय."

त्या दिवशी त्यानं इंजिनाला हातच लावला नाही. सरळ गाडीखाली शिरला आणि टाकीच्या बुडाचा बोल्ट काढला. माझी लोणच्याची काचेची बरणी घेऊन गेला होता, मला न विचारता. बरणी भरून आणली आणि खिडकीत ठेवली. थोड्या वेळानं आतलं निवळलं. वर डिझेल आणि खाली चांगलं चार बोटं पाणी!

"बेबे! पानी हाय पानी!" दादा लहान पोरासारखा ओरडला. डिझेलात पाणी गेलं की ते बुडाशी बसतं, तिथून पंपात ओढलं जातं आणि पोलादाला गंज चढवतं. नवा माल कोणी काढला नव्हता. नवाच गंजला होता. मी तर रडले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता ही बरणी स्टँडवर नेऊ, एकेकाच्या नाकाखाली धरू.

तेवढ्यात दादानं बरणी उजेडाकडे धरली आणि त्याचं तोंड उतरलं. तळाच्या पाण्यात काहीतरी काळं होतं. त्यानं तारेनं ते बाहेर काढलं आणि बोटावर घेतलं. तुळशीचं पान होतं.

मी विचारलं, कोणी टाकलं? त्यानं टाकी धुतली, फिल्टर बदलला, पंप उघडून तोच एलिमेंट तेलात भिजवून, मोकळा करून पुन्हा बसवला. रविवारी सकाळी म्हणाला, चल, गाडी पोचवून येऊ. बरणी मी पिशवीत घालून मांडीवर घेतली. मनात भांडणाची सगळी तयारी झाली होती.

शेषराव न्हाणीत होता. तानुबाई गाडीचा आवाज ऐकून बाहेर आली. आम्हाला पाहून तिला आनंद झाला, पण आधी ती गाडीकडेच गेली. हातात पितळी गडू, पळी आणि कुंकवाचा करंडा. गाडीच्या मागे जाऊन तिनं टाकीचं झाकण फिरवून काढलं. गडूत तुळशीची पानं तरंगत होती.

"माय, काय करून राहिली?" दादानं हळूच विचारलं.

"तीर्थ देतो बावा गाडीले. कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेतून नदीचं पानी आनलं ना, ते रोज गडूत थेंबभर मिसळतो. रोज एक पळी. आपल्याले लागते तं तिलेई लागन का नाही? माह्या केशवले घरून निंगताना तीर्थ देल्लं नव्हतं म्या त्या दिवशी."

केशवराव तिचा थोरला. मूर्तिजापूरच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला होता. तानुबाईची पळी टाकीच्या तोंडाशी होती. मी पिशवीत हात घातला. दादानं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

"माय," तो म्हणाला, "गाडीचं तोंड मागं असते काय? मागं तोंड असते का कोनाचं? हे पाय, तोंड इकडं हाय, समोर." आणि त्यानं बॉनेट उघडून रेडिएटरचं झाकण काढलं. तिथे पाणीच लागतं. कितीही घाला.

म्हातारीनं गाडीच्या पुढे पाहिलं, मागे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अवं माय! मंग मी इतके दिस तिले कुठून पाजून राहिली होती?"

मला इतका संताप आला होता, तरी हसू फुटलं. दादाही हसला. तिनं रेडिएटरमध्ये पळी ओतली, बॉनेटला कुंकू लावलं, हात जोडले. तेवढ्यात शेषराव टॉवेल गुंडाळून बाहेर आला. गाडीत बसला आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. धूर नाही, लंगडणं नाही.

"पाहा!" तो म्हणाला. "टाकला ना माल परत? बोंबललो म्हणून टाकला!"

मी तोंड उघडलं. दादा म्हणाला, "चल बेबे." आणि मला ओढतच निघाला. रस्त्यात आम्ही असे भांडलो की लोक थांबून पाहत होते. मी म्हटलं, तू चोट्टा ठरशील जन्मभर. तो म्हणाला, "दसऱ्याले तिनं आरशाले हार बांधला होता, तं त्यानं तिची भाजीची टोपली नालीत फेकली. मी उभा होतो तिथं. गाडी हिच्यापायी मेली समजलं तं काय करन तो? अन् ती? त्या पळीच्या भरवशावर झोप येते तिले." असं म्हणून त्यानं माझ्या हातातली बरणी घेतली आणि माझ्या डोळ्यांदेखत रस्त्यावर ओतून दिली. आमची एकुलती साक्ष, धुळीत!

पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. गाडी झक्क चालू लागली आणि गाडी झक्क चालते हाच पुरावा झाला. जितकी चांगली चालायची तितका दादा चोट्टा. शेषराव स्टँडवर सांगत फिरायचा, "चोट्ट्याले हॉर्न वाजवूनच समजते." आणि दादा निंबाखाली रिकामा बसून लोखंडी पाने पुसायचा. पुसलेलेच पाने पुन्हा पुसायचा. त्याच्या भल्या मनाचं कौतुक करणं मला जमलं नाही, आजही जमत नाही. मला त्याचा रागच यायचा.

मग तो बाजारचा दिवस. मी तानुबाईकडे वांगी घ्यायला थांबले. तिनं वांगी दिली, वर मूठभर कोथिंबीर टाकली, आणि माझ्या हातावर हात ठेवून मायेनं म्हणाली, "तुह्या भावानं चांगलं केलं बाई, माल परत देल्ला. चुकते माणूस. म्या तं माफ केलं त्याले."

माफ केलं! माझ्या डोक्यात काय झालं मला सांगता येणार नाही. मी पिशवी खाली टाकली. "माय, कोनाले माफ केलं तुनं? चोट्टा म्हणतात त्याले सगळे, अन् तो मुकाट ऐकून राहिला, तुह्यापायी! तुनं ती मागं पळी टाकली ना, त्या पाण्यानं पंप गंजला. तुह्या लेकानं तुले बोलू नये म्हणून माहा भाऊ चोट्टा झाला!"

सांगितल्याचा मला पस्तावा नाही. ती ऐकत राहिली. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. उठली, पदर खोचला, आणि भाजी तशीच मांडलेली सोडून स्टँडकडे चालू लागली. मी मागोमाग. मला वाटत होतं ती दादाकडे जाईल. ती दादाकडे गेली नाही. शेषराव गाडी लावून चहा पीत उभा होता. तिनं गाडीचं पुढचं दार उघडलं. ती त्या गाडीत पुढे कधी बसली नव्हती, बसलीही नाही. नुसता हात आत घातला आणि तळवा हॉर्नवर दाबला.

हॉर्न वाजतच राहिला. ड्रायव्हर आले, हमाल आले, पानवाला आला. दादा हात पुसत दुकानातून बाहेर आला. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं आणि त्याला समजलं. शेषराव कप टाकून धावला. "माय! काय करून राहिली? वेडी झाली काय? काढ हात!"

तिनं काढला. "तुले चोट्टा पायजे होता ना?" ती म्हणाली. आवाज बाजारात भाजी ओरडणारा, पार रस्त्यापलीकडे जाणारा. "हे पाय, मी हावो. तुह्या टाकीत पानी म्या टाकलं. रोज टाकलं. त्यानं तुयी गाडी मेली. याले मालूम होतं अन् यानं तोंड उघडलं नाही. फेक आता मायी टोपली. फेक ना!"

शेषरावचं तोंड उघडं राहिलं होतं. मग तो दादाकडे वळून पुटपुटला, "चुकलं माह्यावालं."

"ऐकू नाही आलं," दादा म्हणाला. इतके दिवस गिळलेलं सगळं त्या तीन शब्दांत होतं.

तानुबाईनं पुन्हा हॉर्न दाबला. शेषरावनं तोंड उघडेपर्यंत तिनं हात काढला नाही.

"भगवंत चोट्टा नाही!" तो सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडला. "चोट्टा नाही भगवंत! मी नालायक हावो!"

गर्दीतून कोणीतरी हसलं. दादा हसला नाही, हातही पुढे केला नाही. तो गाडीपाशी गेला, बॉनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण काढून हातात धरलं आणि म्हणाला, "माय, आज तीर्थ टाकलं का?"

म्हातारी आता रडायला लागली. "नाही रे बापा. आता नाही टाकत मी. माह्या हातानं वाटोळं होते."

दादा शेषरावकडे वळला. उभ्या आयुष्यात मी त्याला इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"उभा काय राहिला?" तो खेकसला. "घरी जाय अन् मायचा गडू घेऊन ये. पळ!"

आणि शेषराव, सगळ्या स्टँडसमोर, हातातली किल्ली तशीच मुठीत धरून, घराकडे पळत सुटला.